फुप्फुसांतील कर्करोग

मनमाडसारख्या जंक्शनच्या गांवीं खोकला ही कांहीं बातमी नव्हे. वाफेचीं एंजिनें जाऊन कैक वर्षें लोटलीं, तरी धूळ, चूल आणि विडी यांचा सहवास सुटलेला नाहीं. त्यामुळें घरांतील वडील माणूस महिनाभर खोकला तरी सुंठ-ज्येष्ठमधापलीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

अशा खोकल्यामागें क्वचित् फुप्फुसाचा कर्करोग असतो. सुश्रुतानें गांठीस अर्बुद म्हटलें असून, पहिल्या अर्बुदावर दुसरें उद्भवलें तर त्यास अध्यर्बुद अशी निराळी संज्ञा दिली आहे. कर्करोग हें नांव मात्र ग्रीकांच्या खेंकड्यावरून आलेलें. फुप्फुसाच्या गाभ्यांत वेदना जाणणारे मज्जातंतू जवळजवळ नाहींतच. गांठ आवरणास किंवा बरगडीस भिडेपर्यंत दुखत नाहीं, आणि तोंवर ती रक्तावाटे मेंदू, हाडें, यकृत येथें पोंचलेली असूं शकते.

मग लक्षणें भलत्याच ठिकाणीं उमटतात. स्वरयंत्राचा डावा मज्जातंतू सरळ कंठांत न जातां छातींत उतरतो, महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेतो आणि पुन्हा वर चढतो. त्या वळणावर गांठ दाबूं लागली कीं आवाज बसतो, आणि घरचे गुळण्या करावयास सांगतात! फुप्फुसाच्या शिखराशीं गांठ असेल तर खांदा ठणकतो, कधीं त्या बाजूची पापणी उतरते. कोणाच्या बोटांचीं टोकें फुगून नखें पोपटाच्या चोंचीसारखीं वांकतात. कांहीं गांठींच्या स्रावानें रक्तांतील क्षार घटून मनुष्य बरळूं लागतो. तेव्हां वयास दोष दिला जातो.

मुख्य कारण धूम्रपान. डॉल व हिल या इंग्रज संशोधकांनीं 1950 सालींच तें दाखवून दिलें. आपल्या सिन्नरची विडी सिगारेटीपेक्षां निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. तथापि जन्मांत विडीस न शिवलेल्या स्त्रियांनाही हा रोग होतो; त्यांच्या गांठींत पुष्कळदां असा जनुकीय बदल सांपडतो, कीं ज्यावर आतां गोळ्या लागू पडतात. म्हणून ‘आमच्या घरीं कोणी ओढीत नाहीं’ एवढ्यावर निर्धास्त राहूं नये.

आपल्याकडे खरा घोटाळा क्षयाशीं होतो. खोकला, थुंकींत रक्त, वजन घटणें हीं दोहोंतही सारखींच. क्ष-किरणांतील सावलीही सारखी दिसूं शकते. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी व छातीचें चित्र तपासावें. थुंकींत जंतु नसतांना क्षयाचीं औषधें चालूं असतील आणि दोन महिन्यांत उतार दिसत नसेल, तर तुकडा काढून तपासावा काय, असें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें. यांत मला डॉक्टरांचा अवमान दिसत नाहीं.

परळचें टाटा रुग्णालय 1941 च्या फेब्रुवारींत उघडलें. पहांटेच्या पंचवटीनें दादरास उतरलें कीं तें जवळच. रोग्यापासून नांव लपविण्याची आपल्या एकत्र कुटुंबांतील रीत मला पटत नाहीं. देह त्याचा, निर्णयांतही तो हवाच. जातांना छातीचीं जुनीं चित्रें आठवणीनें बरोबर न्यावीं. सावली नवी कीं वर्षांपूर्वींचीच, हें डॉक्टर त्यांवरूनच पडताळून पाहतात.