पंचाने ऐकलंच नाही तर?



गेल्या महिन्यात इथे बेरशेवाला आमची नातवंडं क्रिकेट खेळत होती आणि पंच होतो आम्ही. एक मुलगा दुसऱ्याला काहीतरी घाण बोलला म्हणे. दुसऱ्याने रागाने बॅट फेकली. "तो बोलला!" "मी नाही बोललो!" आमच्या म्हाताऱ्या कानांनी काहीच ऐकलं नव्हतं. मुलं विचारू लागली, "आजोबा, मोठ्या सामन्यात असं झालं तर कोण ठरवतं?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

जानेवारी २००८, सिडनीची कसोटी. आपला मुंबईचा सचिन तेंडुलकर आणि हरभजन सिंग खेळत होते. हरभजन आणि ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स यांची जुंपली. हरभजनने सायमंड्सला "माकड" म्हटलं, अशी तक्रार कप्तान पाँटिंगने पंचांकडे केली. सायमंड्सच्या अंगात कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या लोकांचं रक्त. म्हणून ही नुसती शिवी नव्हे, वंशावरून केलेला अपमान ठरतो. दोन्ही पंचांनी मात्र तो शब्द ऐकला नव्हता.

अशा वेळी पंच शिक्षा देत नाहीत, ते लेखी तक्रार करतात. मग सामनाधिकारी, म्हणजे मॅच रेफरी, दोन्ही बाजू ऐकतो. सिडनीला माइक प्रॉक्टर हे सामनाधिकारी होते. त्यांनी ऑस्ट्रेलियन खेळाडूंचं म्हणणं मानलं आणि हरभजनला ३ कसोट्यांची बंदी घातली. भारतात केवढा गदारोळ झाला! दौरा अर्धवट राहतो की काय, अशी वेळ आली.

पण खेळाडूला अपील करता येतं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत बंदी थांबली. न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी ॲडलेडला सुनावणी घेतली. स्टंपजवळच्या मायक्रोफोनमध्ये जे आलं होतं ते तपासलं, साक्षी घेतल्या. सचिनने सांगितलं की हरभजनने हिंदीत शिवी दिली. २९ जानेवारीला निकाल लागला: वंशावरून अपमान केल्याचं सिद्ध होत नाही, शिवीगाळ मात्र झाली. बंदी उठली, सामन्याच्या मानधनाचा अर्धा भाग दंड म्हणून गेला.

आता गंमत बघा. हरभजनचे जुने सगळे गुन्हे न्यायमूर्तींपुढे ठेवलेच गेले नव्हते! ते माहीत असते तर शिक्षा वाढू शकली असती, असं ते नंतर म्हणाले. म्हणजे न्यायाधीश कितीही चांगला असो, कागद अपुरा तर निवाडाही अपुरा.

पुढे नियम बदलले. २०१६ पासून गैरवर्तनाचे गुण खेळाडूच्या नावावर चढतात. २४ महिन्यांत ४ गुण झाले की बंदी. २०१७ पासून फार मोठ्या गुन्ह्याला पंच खेळाडूला सरळ मैदानाबाहेर काढू शकतात.

आम्हीही त्याच रीतीने निवाडा केला. बॅट फेकलेली सगळ्यांनी पाहिली होती, म्हणून त्या मुलाला १ षटक बाहेर बसवलं. शब्द कुणीच ऐकला नव्हता, म्हणून त्याची शिक्षा नाही. बाहेर बसलेला रडवेला होऊन म्हणाला, "मग मला बोलला त्याचं काय?" खरं सांगतो, आमच्याकडे उत्तर नव्हतं. सिद्ध झालं नाही म्हणजे घडलंच नाही असं थोडंच आहे? पण सिद्ध न झालेल्याची शिक्षा दिली, तर उद्या कुणीही कुणावर बोट दाखवील.

२०११ साली तेच हरभजन आणि सायमंड्स मुंबई इंडियन्समध्ये सचिनच्या हाताखाली एकत्र खेळले. २०२२ मध्ये सायमंड्स मोटार अपघातात गेला. कागदावरचा निकाल न्यायाधीश देतो, बाळांनो. मनातलं भांडण मात्र ज्याचं त्यालाच मिटवावं लागतं, आणि तेही वेळेवर.