पाळण्यातले पाय

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण नेहमी मागाहून वापरतो, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. मूल मोठे होते, नाव काढते, आणि मग कुणीतरी जुना पाळणा आठवून ही म्हण उच्चारतो. ज्यांचे पाय पाळण्यात अगदी तसेच दिसत होते आणि पुढे ज्यांचे काहीच झाले नाही, त्यांच्यासाठी मराठीत म्हण नाही. म्हण म्हणून हे चालून जाते. परंतु खेळाडूंच्या बाबतीत आपण तिला निवडीची पद्धत करून टाकली आहे. चौदाव्या वर्षी कोण 'पुढे जाणार' आणि कोण 'इतकाच', हे ठरवून आपण मोकळे होतो. आमचा आक्षेप या घाईला आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. तो कांबळवाडीचा, म्हणजे आमच्या भुदरगडला लागून असलेल्या राधानगरी तालुक्यातला. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत पदक मिळवल्यानंतर महाराष्ट्राला ऑलिंपिकमधील वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षे जावी लागली. त्यामुळे पुढचे काही दिवस इकडे गावोगाव फलक लागले, हे साहजिकच होते. आम्हांस खटकला तो एक शब्द. 'अचानक'. हा मुलगा अचानक कुठून आला, असे लोक विचारत होते.

अचानक काहीही आलेले नव्हते. स्वप्नील २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. २०१२ पासून तो आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नेम धरत होता. २०१५ साली आशियाई स्पर्धेत कनिष्ठ गटात त्याने सुवर्ण मिळवले, आणि येथवर पाळण्यातले पाय ठीक दिसत होते. पुढे मात्र टोकियोच्या ऑलिंपिकसाठी जो भारतीय संघ गेला त्यात त्याचे नाव नव्हते. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. देशासाठी ऑलिंपिकची जागा त्याने तेथे मिळवली, पदक नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत तो आघाडीवर असताना उभ्या स्थितीतला एक नेम ७.६ वर गेला आणि तो पुन्हा चौथा. पॅरिसमध्येही पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून झालेल्या नेमांनंतरही तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्या स्थितीत, जेथे हांगझोऊमध्ये घात झाला होता तेथेच, तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर तिसरा राहिला. तेव्हा त्याला एकोणतिसावे वर्ष पूर्ण होण्यास पाच दिवस बाकी होते.

आता कल्पना करावी की २०२१ साली कुणी या नेमबाजाच्या भवितव्यावर अभिप्राय लिहायला बसला आहे. वय पंचवीस-सव्वीस, कनिष्ठ गटातले यश सहा वर्षे जुने, ऑलिंपिक एकही नाही. अभिप्राय काय आला असता, हे सांगायला क्रीडातज्ज्ञ लागत नाही. आणि हाती असलेल्या पुराव्यानुसार तो अभिप्राय अवाजवीही ठरला नसता. अडचण नेमकी येथेच आहे. घाईचे निर्णय बहुधा मूर्ख माणसे घेत नाहीत. चांगली जाणती माणसे अपुऱ्या पुराव्यावरून ते घेतात, आणि पुरावा अपुरा आहे हे विसरतात.

असा निर्णय नुसता अंदाज असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. एखाद्या समीक्षकाने पहिल्या संग्रहावरून कवीला निकालात काढले तरी कवीला कागद आणि पेन मिळण्याचे थांबत नाही. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली आला आणि त्यानंतरचे मराठी संग्रह एकदम २००३-०४ मध्ये. मधली पंचवीसेक वर्षे त्यांच्या मराठी कवितेचा हिशेब कुणी मांडला असता तर तो एका पुस्तकाचा भरला असता, पण त्या हिशेबाने 'भिजकी वही' लिहिली जाण्याचे थांबले नसते. (कोलटकर कोल्हापूरचे. हे कोल्हापूरकरांना अधूनमधून सांगावे लागते.) खेळाडूचे तसे नाही. त्याला रायफल लागते, काडतुसे लागतात, प्रशिक्षक लागतो, खुराक लागतो, शिबिरात खाट लागते. 'याच्यात दम नाही' असे एकदा ठरले की हे सारे दुसऱ्याकडे वळते. मग निवडलेला पुढे जातो, वगळलेला मागे पडतो, आणि चार वर्षांनी निवड करणारे समाधानाने म्हणतात, पाहा, आम्ही म्हटलेच होते! भाकीत खरे ठरलेले नसते, ते खरे करून घेतलेले असते.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंची क्रमवार निवड होते. खेळाडूची उंची, हातांचा पल्ला, उडी, वेग, सारे मोजले जाते आणि त्यावर वर्षभर खल चालतो. १९८४ साली याच पद्धतीने पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला घेतले आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्यासाठी शिल्लक राहिला. २०१४ साली निकोला योकिच याचे नाव एक्केचाळिसाव्या क्रमांकावर पुकारले गेले; पुढे तो तीनदा त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढी यंत्रणा असून चुकतात, याचे आम्हांस नवल वाटत नाही. त्यांचे एक मात्र घेण्याजोगे आहे. कोणी कोणाला कितव्या क्रमांकावर निवडले याची नोंद तेथे कायम राहते, म्हणून चाळीस वर्षांनंतरही बोवीचे नाव काढून त्या संघाला टोमणे मारता येतात. आपल्या तालुक्याच्या मैदानावर ज्या मुलाला 'उद्यापासून येऊ नको' म्हटले गेले, त्याची नोंद कोठेच नसते. तेव्हा आपली निवड कधीच चुकलेली नसते.

घाई दोन्ही बाजूंनी होते. १९९४ साली अमोल मुजुमदारने मुंबईसाठी रणजीच्या पदार्पणातच २६० धावा केल्या आणि त्याच क्षणी त्याला 'दुसरा तेंडुलकर' करून टाकण्यात आले. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही तो भारताकडून एकही सामना खेळला नाही. हा माणूस 'राहून गेलेला' म्हणूनच मराठी क्रिकेटरसिकांच्या बोलण्यात उरला होता. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. पहिला निकाल चुकला होता, दुसराही चुकला.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची कथा याहून बोलकी आहे. २००८ साली तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला तेव्हा सोळा वर्षांचा होता. २०१० साली ग्वांगझोऊला त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवले; आशियाई स्पर्धेत जलतरणातले पदक भारताला चोवीस वर्षांनी मिळत होते. नंतर तो तहसीलदार झाला, काही वर्षे स्पर्धेपासून दूर राहिला, आणि लोकांनी त्याचे प्रकरण मिटवून टाकले. २०१८ साली, सत्ताविसावे वर्ष सरत आलेले असताना, जकार्तात ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांची वेळ दिली आणि २००९ मधला स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. अंतिम फेरीत त्याचे कांस्य एका शतांश सेकंदाने हुकले. पदक हुकल्याची हळहळ सर्वांनी व्यक्त केली. विशीच्या आत 'संपूर्ण घडलेला' मानला गेलेला मुलगा नऊ वर्षांनी अधिक वेगाने पोहतो, याचा अर्थ काय, हे फारसे कोणी विचारले नाही.

आमच्यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. साधने मोजकी असतात, कोणीतरी निवड करावीच लागते, आणि खोटी आशा दाखवत ठेवणे हाही क्रूरपणाच आहे. मान्य. शंभर मुलांतून दहाच शिबिराला जाणार. पण 'या वर्षी शिबिराला कोण जाईल' आणि 'आयुष्यात कोण काय होईल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर देता येते, नव्हे द्यावेच लागते. त्या उत्तराच्या आड दुसऱ्याचे उत्तर सरकवून देणे गैर आहे. शिवाय चौदा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच रांगेत उभे असतात. त्या वयात अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे कित्येकदा चार बोटे उंची आणि खांद्यातले बळ. अशा वेळी आपण गुण पाहतो आहोत की जन्मतारीख, हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांनी विचारलेला आहे.

थांबायचे म्हणजे कोणाच्या जिवावर, हा खरा प्रश्न. स्वप्नीलचे वडील शिक्षक आणि आई गावची सरपंच. थांबण्याची थोडीफार ऐपत त्या घरात होती. पण बारा वर्षे थांबणे एका घराला झेपत नाही. ते झेपले, कारण २०१५ साली त्याला मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली. पदकानंतर राज्य शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले, रेल्वेने पदोन्नती दिली. ते योग्यच झाले. परंतु ही सारी दाद निकाल लागल्यानंतरची. त्याला पॅरिसपर्यंत नेले ते दरमहाच्या पगाराने, जो चौथा आला तरी मिळत होता. महेंद्रसिंग धोनीही रेल्वेत हीच नोकरी करत होता, हा योगायोग अनेकांनी सांगितला. धोनीच्या पहिल्या चार एकदिवसीय सामन्यांतील धावा शून्य, बारा, नाबाद सात आणि तीन अशा होत्या, आणि पाचव्यात १४८, हे त्या योगायोगापेक्षा अधिक ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाचवा सामना त्याला मिळाला.

आमच्या पेशातल्या वाचकांसाठी आणखी एक दाखला. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले होते. मातीवर वाढलेल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे राहिनात, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. पदक मिळेल याची त्यांना काय खात्री असणार? समोर होता तो सहाव्या क्रमांकाचा एक माजी विद्यार्थी. आज विद्यार्थ्याला हजेरीची सवलत देतानाही आम्ही अध्यापक आधी विचारतो, 'राज्य पातळीवर खेळलास का?' घर गहाण टाकायला कोणी सांगत नाही. निदान हा प्रश्न थोडा उशिरा विचारता येईल.

गारगोटीसारख्या ठिकाणी निकालाचे वय आणखी अलीकडे येते. दहावीचे वर्ष उजाडले की मैदान सुटते. मुलींच्या बाबतीत तर खेळाचा निकाल आणि घरचा निकाल एकाच वर्षी लागतो, आणि खेळातले 'जमणार नाही' हे घरच्यांना हवे असलेले कारण ठरते. त्यात आमच्या तालुक्याची म्हणून एक अडचण आहे. जून ते सप्टेंबर येथे पाऊस असा कोसळतो की मैदानावर गुडघाभर गवत आणि चिखल असतो. शालेय स्पर्धांचे तालुका पातळीवरचे सामने नेमके याच मोसमात सुरू होतात. सरावाशिवाय दोन महिने काढलेली मुलगी निसरड्या धावपट्टीवर एकदा धावते, मागे पडते, आणि त्या वर्षापुरता तिचा विषय संपतो. पुढल्या वर्षी ती येतेच असे नाही.

तालुक्यातल्या शाळांनी आपापसांत ठरवून जानेवारीत दुसरी चाचणी घ्यावी, आणि ऑगस्टमध्ये वगळलेल्यांनाच तीत आधी बोलवावे. शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिट्टी, मोजपट्टी आणि चुन्याची फक्की प्रत्येक शाळेत आहे, आणि जानेवारीत मैदान कोरडे असते.