गिरणीचे आश्वासन आणि पालिकेचा झाडू

वृत्तपत्र-व्यवसायातील जुन्या मंडळींना 'नेपा' हे नाव निराळे सांगावयास नको. परदेशी कागदाचा कोटा आणि त्याच्या जोडीला नेपाचा कागद, या हिशेबावर कित्येक वर्षे देशातील दैनिकांची पाने ठरत असत. सालईचे लाकूड आणि बांबू यांच्या लगद्यापासून कागद काढणाऱ्या या गिरणीचे उद्‌घाटन १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि १९८१ पर्यंत वृत्तपत्राचा कागद तयार करणारी देशात ती एकटीच होती. भुसावळ-खांडवा लोहमार्गावर, बऱ्हाणपूर जिल्ह्यात वसलेल्या नेपानगरला नावदेखील गिरणीनेच दिले.

अशा गावात नगरसेवकपदास उभा राहणारा उमेदवार गिरणीविषयी बोलणारच. किंबहुना तो न बोलला, तर मतदार त्याला दारातूनच परत पाठवील! स्थानिकांना गिरणीत काम, कंत्राटी मजुरांना कायम नोकरी, थकलेली देणी, हे सर्व विषय जिव्हाळ्याचे आहेत. २०१६ साली उत्पादन थांबले, तेव्हा सहा वर्षे या गावाने काय सोसले असेल, ते गोमंतकीय वाचकाला समजावून देण्याचे कारण नाही. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोली, साखळी आणि कुडचडे येथे आपण तेच पाहिले आहे. तेथेही पालिकेच्या उमेदवाराला खाणीविषयी बोलणे भागच होते.

परंतु बोलणे वेगळे आणि अधिकार वेगळा. नेपाची मालकी १९५९ पासून केंद्र सरकारकडे आहे. २०१८ साली तिच्या पुनरुज्जीवनासाठी सुमारे ४६९ कोटी रुपये मंजूर झाले ते दिल्लीतील मंत्रिमंडळात, आणि त्या रकमेतच कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीचाही वाटा होता. गिरणी वाचविण्याच्या योजनेत माणसे कमी करण्याची तरतूद होती, ही गोष्ट भाषणांत सहसा ऐकू येत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये यंत्रे पुन्हा फिरू लागली; परंतु नव्या यंत्रांना जुन्याइतके हात लागत नाहीत. या कारभारात नगरसेवकाला मत नाही. त्याने निवेदन द्यावे, मोर्चात पुढे चालावे. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आमची तक्रार आहे ती पुढची. हाच उमेदवार निवडून येताच स्वतः मालक होतो, याची आठवण त्याला कोणी देत नाही. रस्ते झाडणारे, गटारे उपसणारे, कचऱ्याच्या गाडीवरचे मजूर कंत्राटदारामार्फत नेमले गेले, तरी कायद्याच्या लेखी मुख्य मालक पालिकाच असते. कंत्राटदाराने पगार बुडविला, तर तो मुख्य मालकाने भरून कंत्राटदाराकडून वसूल करावा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही ती आहे. मात्र जुना कायदा वीस कंत्राटी मजुरांपासून लागू होत असे. नव्या संहितेने ती मर्यादा पन्नासांवर नेली. लहान पालिकेतील किती झाडूवाले या एका आकड्याने बाहेर पडतील, याचा विचार कोणत्या उमेदवाराने केला आहे?

नव्या संहितेत आणखी एक मेख आहे. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी मजूर नेमण्यास तीत मनाई आहे. पण साफसफाई हे मुख्य काम मानलेले नाही, आस्थापनाच त्यासाठी स्थापन झालेली असेल तेवढी सोडून. मग नगरपालिका आणखी कशासाठी स्थापन होते? आमच्या मते हा मुद्दा सफाई कामगारांच्या संघटनांनी न्यायालयात नेण्याजोगा आहे.

पालिकेची तिजोरी रिकामी असते, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. परंतु सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करताना, त्या दरात किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी बसतो की नाही, हे पाहण्यास पैसा लागत नाही. बेरीज येत असली की पुरे. पगार बँकेत जमा झाल्याचा दाखला पाहिल्यावाचून कंत्राटदाराचे पुढले बिल फेडू नये, असा ठराव पहिल्याच सभेत करता येतो. नेपानगर असो वा कुडचडे, मत मागावयास दारी आलेल्या उमेदवाराने गिरणीचे वा खाणीचे बोलून झाले, म्हणजे या ठरावावर तो सही करील काय, एवढे त्याला विचारावे.