गळतंय कुठे, दिसतंय कुठे

जून उजाडला आणि आमच्या जुन्या गाडीत कुबट वास यायला लागला. आधी वाटलं, ओल्या छत्र्यांचा असेल. एका रविवारी मागच्या सीटपुढची मॅट उचलली, तर खाली चक्क पाणी! कार्पेट पिळलं तर अर्धी बादली भरली असती.

गाडी २००७ सालची. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. ऑफिसातले म्हणाले, काढून टाक. अहो, इंजिन अजून कुरकुरत नाही, आणि पाण्यापायी गाडी विकायची?

मेकॅनिककडे नेली. त्याने दोन मिनिटं बघितलं. ‘पात्रांव, सिलिकॉन मारुंया.’ मारलं, पुढच्या काचेच्या रबराभोवती. पाऊस आला, पाणी आलं. दुसऱ्याकडे नेली. त्याने वायपरखालच्या जाळीत जिथे जिथे फट दिसली तिथे आणखी सिलिकॉन ओतलं. आता पाणी दुप्पट!

माझं स्पष्ट मत आहे की ही सिलिकॉनची नळी गाडी-दुरुस्तीला लागलेला रोग आहे. पण दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. गळती शोधायला अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे आपण देत नाही. बुजवण्याचे मात्र बिनबोभाट देतो. मग तो शोधेल कशाला?

आमच्या घरावर मंगळुरी कौलं आहेत. पावसाआधी कौलं परतताना बाबा हमखास सांगायचे, थेंब पडतो तिथलंच कौल फुटलेलं असतं असं नाही. पाणी रिपेवरून, वाशावरून चालत येतं. हे आठवलं आणि शोध स्वतःच घ्यायचा ठरवला.

पहिली गोष्ट, पाऊस नसतानाही ओल येते का? येत असेल तर संशय एसीवर. त्याचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते आत सांडतं. आमच्याकडे तसं नव्हतं. मग मॅट, कार्पेट काढलं, पत्रा कोरडा पुसून त्यावर वर्तमानपत्र अंथरलं. मुलगा टॉर्च घेऊन आत, मी बाहेर पाइप घेऊन. पाण्याची धार बारीक, आणि सुरुवात खालून. एकदम टपावर पाणी ओतलं की सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

दारांपासून सुरुवात केली. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी आत जातंच, तशी योजनाच असते. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. शिवाय दाराच्या आतल्या पॅनलमागे एक प्लॅस्टिकचा कागद असतो. स्पीकर बसवताना तो फाडला की पाणी थेट पायाशी. आमची दारं ठीक निघाली. पुढची काचही ठीक. म्हणजे पहिलं सिलिकॉन फुकट.

मग वायपरखालच्या जाळीवर पाणी सोडलं. चार-पाच मिनिटांनी आतून ओरड, ‘बाबा, ब्लोअरमधून गळतंय!’

जाळी खोलली. गाडी उभी असते फणसाखाली. आत पानांचा कुजका लगदा, आणि पाणी बाहेर जायची जी वाट, तिच्यावर नेमकं ते दुसऱ्या फेरीचं सिलिकॉन! पन्हळीची टाकी झाली होती. ती भरली की पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून डाव्या बाजूला पायाशी उतरायचं. आमचं अंगण चढाचं, गाडीचं तोंड वर, त्यामुळे कार्पेटखालून वाहत ते मागे जाऊन साठायचं. आम्ही आपले मागच्या दाराकडे बघत बसलो होतो. म्हणजे भोक बुजवायचं नव्हतंच, उघडायचं होतं.

लगदा काढला, सिलिकॉन खरवडलं, वाट मोकळी केली. पुन्हा पाइप लावला. सगळं पाणी चाकामागून खाली. खर्च शून्य.

झालेलं नुकसान मात्र राहिलं. मागच्या पत्र्यावर तळहाताएवढा गंज होता. तो घासून रेड ऑक्साइड लावलंय. वास अजून थोडा येतो. कार्पेटखालचं फेल्ट पुरतं वाळायला कडक ऊन हवं, आणि ते चवथीपर्यंत काही मिळायचं नाही.