रिकामा वेळ नावाची अफवा

‘घरबसल्या लिहा आणि महिन्याला हजारो रुपये कमवा!’ ही जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. एसटी स्टँडच्या खांबावर, पेपरात घालून आलेल्या पत्रकात, नाहीतर मोबाईलवर. तिच्याखाली एक ओळ हमखास असते, ‘गृहिणींसाठी सुवर्णसंधी, मोकळ्या वेळात करा.’ माझा सगळा आक्षेप या एका ओळीवर आहे आणि तेवढ्यासाठीच हा लेख. मोकळा वेळ? कुणाचा? कुठल्या घरात?

मी थर्ड इयर मेकॅनिकलला. गाव कवठे महांकाळ. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे पहिली-दुसरीच्या वेलांटीवर वाद घालायचा असेल तर संपादक मंडळाकडे जावे! आमच्या भागात द्राक्षं, बेदाणा आणि म्हैसाळचं पाणी या तीन विषयांवर कुणीही तासभर बोलतं. चौथा विषय मात्र कधी निघत नाही. तो म्हणजे घरात बसून लिहिणारी बाई. माझी आई तशी आहे. मी चार वर्षांची आणि भाऊ एक वर्षाचा असल्यापासून ती घरी लिहिते. आकाशवाणीसाठी श्रुतिका, दिवाळी अंकात एखादा लेख, आणि मुख्य म्हणजे द्राक्षाच्या औषधांची, खतांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणणं. लेखाखाली तिचं नाव येतं. पत्रकाखाली येत नाही. घर चालायला मदत होते ती पत्रकांची.

आता हे काम किती जोखमीचं ते बघा. पत्रकात लिहिलेलं असतं, लिटरला इतके मिली. तिथे दशांशचिन्ह एक घर सरकलं तर वर्षभराची बाग जळू शकते. फळ छाटणी झाल्यापासून शेतकऱ्याचा जीव त्या बागेत अडकलेला असतो. म्हणून आई प्रत्येक आकडा दोनदा मोठ्यानं वाचते. पण गल्लीतल्या लोकांना काय दिसतं? बाई घरात आहे. ‘वहिनी, तुम्ही घरीच आहात की, जरा गॅसचं सिलिंडर घेऊन ठेवा.’ ‘वहिनी, तासभर पोराकडे बघा, मी बँकेत जाऊन येते.’ आज्जीचं तर ठरलेलं वाक्य, ‘घरातच हाय की ती!’ बँकेत खुर्चीवर बसलेल्या बाईला कुणी असं म्हणतं का?

बरं, हे फक्त आमच्या घराचं रडगाणं नाही. २०१९ साली केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. सहा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी ८१ जणी रोज बिनपगारी घरकाम करतात आणि शंभर पुरुषांपैकी २६ जण, असं त्यात निघालं. जे करतात त्यांच्यातही बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७. घरातल्या लहान-म्हाताऱ्यांची काळजी घेण्याची मिनिटं वेगळी. आपण इंजिनिअरिंगवाले, आकड्यांवर आपला विश्वास. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी! यातून उरलेल्याला जाहिरातवाले ‘मोकळा वेळ’ म्हणतात. तो वेळ सलग मिळाला तरी एक वेळ चाललं असतं. तो मिळतो दहा दहा मिनिटांच्या तुकड्यांत. लेथवर जॉब लावायचा, सेटिंग करायचं, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी मेन स्विच बंद करायचा... जमेल का फिनिशिंग?

तरीही आपल्याकडे बायकांनी लिहिलं, आणि आपल्याच जिल्ह्यात लिहिलं. आम्हा मेकॅनिकलवाल्यांना किर्लोस्कर म्हटलं की पंप आठवतो, नाहीतर लोखंडी नांगर. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणला आणि त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं मासिक सुरू केलं. १९३० साली तिथूनच ‘स्त्री’ मासिक निघालं. कल्पना करा, एका बाजूला फौंड्री, दुसऱ्या बाजूला छापखाना, आणि टपालानं येणारी बायकांची पाकिटं! घराचा उंबरा न ओलांडता बाईचं लिखाण महाराष्ट्रभर जाऊ शकतं हे या मासिकानं दाखवून दिलं. आजच्या भाषेत ‘वर्क फ्रॉम होम’च की.

त्याच कुंडल गावच्या कमलाबाई ओगले. शाळा चौथीपर्यंत. त्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्याच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी ते हळदीचे डाग पडलेलं पुस्तक आहे! त्यात वजनकाट्याचं माप नाही, वाटी आणि चमच्याचं आहे. मला ते उत्तम टेक्निकल रायटिंग वाटतं. वापरणाऱ्याच्या हातात जे साधन आहे त्यातच माप सांगायचं, हे आपल्या लॅब मॅन्युअल लिहिणाऱ्यांनीही शिकावं. (सरांनी हलके घ्यावे.) पण एक गोष्ट बघा. कमलाबाईंचा जन्म १९१३ चा. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा त्यांची पन्नाशी केव्हाच उलटून गेली होती.

त्याच्याही मागे जायचं तर आष्ट्यात जन्मलेल्या काशीबाई कानिटकर. शाळेत न जाता त्या लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि पुढे डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. तिकडे बेळगावात इंदिरा संत. पती ना. मा. संत १९४६ साली गेले आणि पदरात लहान मुलं. इंदिराबाई कविता लिहीत राहिल्या, ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण चूल कवितेवर पेटत नव्हती, ती शिक्षिकेच्या पगारावर पेटत होती. त्यांचा मुलगा म्हणजे लंपनच्या गोष्टी लिहिणारे प्रकाश नारायण संत, कऱ्हाडच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणारे.

आणि उमा कुलकर्णी. कन्नडमधल्या भैरप्पांच्या कादंबऱ्या आपण मराठीत वाचतो त्या त्यांच्यामुळे. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला १९८९ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे. त्यांची पद्धत मला फार आवडते. पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकत मराठी लिहायच्या. जतकडची जी मुलं आपल्या हॉस्टेलला आहेत, घरी कन्नड आणि वर्गात मराठी बोलणारी, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तुमच्याकडे एक धंदा तयार आहे!

परदेशातलं उदाहरण दिल्याशिवाय कॉलेजच्या अंकातला लेख पुरा होत नाही, म्हणून जे. के. रोलिंग. लहान मुलीला एकटीनं सांभाळत, एडिनबराच्या कॅफेत बसून तिनं हॅरी पॉटर लिहिला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिच्या जिद्दीवर भाषणं होतात. पण त्या दिवसांत ती सरकारी भत्त्यावर राहत होती आणि १९९७ साली स्कॉटिश आर्ट्स कौन्सिलनं तिला आठ हजार पौंडांची मदत दिली, हे भाषणात कुणी सांगत नाही. आणि हो, मूल झोपलेलं असताना एका कॉफीवर दोन तास बसू देईल असा कॅफे कवठे महांकाळमध्ये कुठे आहे ते कळवावे, आईला पाठवते.

मला म्हणायचंय ते एवढंच. या सगळ्याजणी हुशार होत्या, कष्टाळू होत्या, याबद्दल वादच नाही. पण नुसत्या हुशारीवर कुणाचं भागलेलं दिसत नाही. कुणाला वाचून दाखवणारा नवरा होता, कुणाला पगार होता, कुणाला सरकारची मदत, आणि कुणाला वाट बघावी लागली. सलग वेळ आपोआप उगवत नाही. कुणीतरी तो द्यावा लागतो, नाहीतर विकत घ्यावा लागतो. तो न देता ‘तू लिही की, तुला कोण अडवतंय?’ असं म्हणणं म्हणजे मोटार बसवायची, पाईप जोडायचा आणि वीज द्यायची नाही.

काहीजण म्हणतील, एवढा त्रास तर सरळ नोकरी करावी. करावी ना! पण तालुक्याच्या गावी एम.ए. झालेल्या बाईला नोकऱ्या किती? आणि मूल शाळेतून दीडला येणार, त्याच्यासाठी दार कुणी उघडायचं? घरी राहून लिहिण्यात मुलं डोळ्यांसमोर राहतात, प्रवास वाचतो, हा फायदा खराच आहे. मी आणि माझा भाऊ त्या फायद्यावरच वाढलो. पण नोकरी करणारीला कायद्याप्रमाणे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा मिळते. मोठ्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असते. घरात लिहिणारीला रजा कोण देणार? ज्या दिवशी लिहिलं नाही त्या दिवशीचे पैसे नाहीत, हिशोब संपला.

पैशाचं तर विचारूच नका. एका कंपनीनं आईचं बिल सात महिने लटकवलं होतं. फोन केला की ‘मॅडम, तुम्ही घरीच असता ना, मग घाई काय?’ म्हणजे घरी बसणाऱ्याला भूक लागत नाही! या रागातून मी थोडी शोधाशोध केली आणि जे सापडलं ते सर्वांच्या उपयोगाचं आहे. एक, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सेवा देणारेही येतात. २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी मोबाईलवरून फुकट होते. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज. घरात एका टेबलावर लिहिणारी बाईसुद्धा कायद्यानं ‘उद्योग’ होऊ शकते, हे मला भारीच वाटलं. दोन, १९५७ चा कॉपीराईट कायदा. स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक साधारणपणे लिहिणाराच असतो. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरली जातात. दिवाळी अंकाला लेख पाठवणाऱ्या किती जणींना हे माहीत आहे?

आता एक नवीनच प्रकार सुरू झालाय. ‘मशीननं भाषांतर करून ठेवलंय, तुम्ही फक्त नजर टाका,’ असं म्हणायचं आणि दर निम्मा करायचा. आपण कॉम्प्युटरवाले या मशीनचं कौतुक करणारे, मीपण करते. पण मशीननं ‘बेरी’ लिहिलं तर आमच्याकडे त्याला मणी म्हणतात. बंचला घड म्हणतात, वेलीवरच्या बडला डोळा म्हणतात, कळी नाही. रोगाची नावं भुरी आणि केवडा. हे शब्द आईनं बागेत उभं राहून, बायकांशी बोलून गोळा केलेत. ‘नजर टाकणं’ म्हणजे तेच काम पुन्हा करणं, फक्त अर्ध्या पैशात. जो शेतकऱ्याला समजेल असं लिहितो त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. यात सेंटिमेंटल काही नाही, ही क्वालिटी कंट्रोलची बाब आहे.

मग करायचं काय? माझ्या मते तीनच गोष्टी. पहिली, घरात लिहिणारीची वेळ ठरलेली असावी आणि दार बंद करायची मुभा असावी. दहा ते एक म्हणजे दहा ते एक. त्या वेळात सिलिंडर दुसरं कुणीतरी घेईल. दुसरी, घरातल्या सगळ्यांनी त्या कामाला ‘काम’ म्हणावं. ‘तिची हौस आहे’ म्हटलं की बिल मागताना तिचाच आवाज खाली जातो. तिसरी गोष्ट बॉईज हॉस्टेलसाठी. तुमच्यापैकी बरेचजण पुढे लॅपटॉप घेऊन घरातूनच नोकरी करणार आहात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण पाहिलंय, बाबांचा कॉल चालू असला की सगळं घर चिडीचूप व्हायचं. तीच शांतता आईच्या वहीला का मिळू नये? तुमची बायको उद्या घरातून लिहिणारी, कोड करणारी, डिझाईन करणारी असू शकते. त्या वेळी भाजी निवडता आली पाहिजे, आणि ती आत्तापासून शिकावी लागेल. मेसच्या जेवणाला नावं ठेवण्यापेक्षा सोपं आहे!

आणि मुलींनो, आपल्यासाठी पण. ‘लग्नानंतर घरी बसून काहीतरी करता येईल’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. बोला, पण त्यात ‘काहीतरी’ नको. काय करणार, किती तास, दर काय, आणि त्या तासांत मूल कुणाकडे, हे चार प्रश्न आधी विचारा. स्वतःला आणि समोरच्यालाही. उत्तर गुळमुळीत आलं तर समजा की तो मोकळा वेळ तुमच्या झोपेतून कापला जाणार आहे.

येत्या सुट्टीत घरी गेल्यावर एक प्रयोग करून बघा. घरातली जी बाई लिहिते, शिवते, शिकवण्या घेते, हिशोब ठेवते, तिला विचारा, की तुला सलग तीन तास मिळाले तर काय करशील? आणि उत्तर ऐकून झाल्यावर नुसते बसू नका, ते तीन तास द्या. स्वयंपाकघरात काय कुठे आहे ते सापडेल हळूहळू.