भंगारातील भांडवल

पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकातील एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. यामागील हेतू उघड आहे. जुनी, धूर ओकणारी वाहने रस्त्यावरून जावीत, या हेतूशी कोणाचेही भांडण असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, जुने वाहन आणि धूर ओकणारे वाहन ही एकच गोष्ट आहे काय?

प्रस्तुत लेखकाकडे १९९८ ची मारुती ८०० आहे. तिच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. हे साधन साधे, पण ढोबळ. थंडी, चढ, वाढलेला भार यांप्रमाणे मिश्रणाचे प्रमाण काटेकोरपणे बदलणे त्यास जमत नाही. २००० च्या सुमारास याच गाडीत इंजेक्शनची पद्धत आली. तीत सेन्सर हवेचा व तापमानाचा अंदाज घेतात आणि एक लहानशी संगणकपेटी मोजून पेट्रोल सोडते. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण साधले, तरच धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक उपकरण नीट काम करू शकते.

अशा नंतरच्या गाड्याही आता अपघाताने वा वयोमानाने भंगारात येऊ लागल्या आहेत. मालेगावातील एका मिस्त्रीने गेल्या वर्षी तशाच एका गाडीचे इंजेक्टर, थ्रॉटल, टाकीतील पंप, सेन्सर, वायरिंग, संगणकपेटी आणि उत्प्रेरक उपकरण असा सारा संच माझ्या गाडीस बसवून दिला. सुटा एखादा भाग बसवून हे काम होत नाही. संच एकाच गाडीचा असावा लागतो. गाडी आता थंडीतही पहिल्या किल्लीस सुरू होते आणि धुराच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण स्पष्टपणे उतरले आहे.

मालेगावला यात नवल वाटणार नाही. जुन्या यंत्रमागांचे सुटे भाग बदलून ते दशकानुदशके चालते ठेवणाऱ्या कारागिरांवर या गावाची चूल पेटते. अर्थशास्त्राच्या भाषेत हे कौशल्य म्हणजेच भांडवल होय. तेच इंजेक्टर भंगाराच्या काट्यावर धातूच्या भावाने जातात. जाणत्या हाती पडले तर त्यांची किंमत अनेक पटींनी वाढते.

मात्र कायद्याच्या चौकटीत या कौशल्यास स्थान नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कठोर अर्थ लावला. परिणामी माझी गाडी प्रत्यक्षात सुधारली, पण कागदावर संशयास्पद ठरण्याची भीती निर्माण झाली.

या कठोरतेमागे कारणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. इंजेक्शनच्या नळीतील पेट्रोलचा दाब कार्ब्युरेटरच्या नळीपेक्षा कितीतरी अधिक असतो. हलक्या प्रतीची नळी वापरली तर आग लागू शकते. भंगारातील भाग चोरीच्या वाहनाचाही असू शकतो. मिस्त्रीच्या हातावरील विश्वास हे सार्वजनिक सुरक्षिततेचे प्रमाण होऊ शकत नाही.

परंतु धोका आहे म्हणून बंदी, हा एकच मार्ग नसतो. सीएनजी संचाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तोही बाहेरून बसविलेला, उच्च दाबाचा आणि इंजिनात बदल करणारा. तरीही कायद्याने त्यास मुभा दिली, मान्यताप्राप्त संचाची अट घातली आणि नोंदणीपुस्तकात त्याची नोंद होऊ लागली. हाच न्याय येथे का लावू नये? वाहने मोडीत काढण्यासाठी २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रे स्थापन होत आहेत. त्यांनी इंजेक्शनचा पूर्ण संच मूळ वाहनाच्या क्रमांकासह पावतीवर विकावा. बसविलेल्या कामाची तपासणी शासकीय तंत्रनिकेतनात, योग्य शुल्क आकारून व्हावी. इंजिन जागच्या जागी चालवून घेतलेली धुराची चाचणी पुरेशी नाही. ती भाराखाली घेतली जावी. उत्तीर्ण झालेल्या गाडीची नोंद व्हावी, अनुत्तीर्ण गाडी खुशाल मोडीत जावी.

नवी मोटार घेण्याची ऐपत असलेल्यास या वादाचे सोयरसुतक नाही. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार यांना मात्र आहे, आणि त्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीलाही. माझ्या गाडीची नोंदणी २०२८ मध्ये पुन्हा नूतनीकरणास येईल. त्या वेळी अधिकाऱ्याने तिचे वय अवश्य पाहावे. पण निर्णय देण्यापूर्वी तिचा धूर पाहावा, इतकीच अपेक्षा आहे.