जळत्या नळ्यांचा जमाखर्च

बेहालाच्या वेशीवर तारातला येथे १९४९ साली स्थापन झालेली, सागरी अभियंते घडविणारी संस्था आहे, आणि तेथून पूर्वेस जादवपूरला १९५० साली स्थापन झालेली केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था आहे. एकीत बॉयलरच्या नळ्यांची निगा शिकविली जाते, तर दुसरीत प्रखर उष्णता साहणाऱ्या पदार्थांचा अभ्यास चालतो. धातू आणि सिरॅमिक यांचा संसार टिकवणे हाच ज्या उद्योगाचा प्राणप्रश्न आहे, त्या कोळशाच्या वायूकरणाचा, म्हणजे कोळशाचे इंधनवायूत रूपांतर करण्याचा, विचार दक्षिण कोलकात्याच्या या टापूतून करणे म्हणूनच उचित ठरेल.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या उद्योगास ८,५०० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले असून, २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट समोर ठेवले आहे. पश्चिम बंगालमधीलच सोनपूर बाजारी येथे कोल इंडिया आणि गेल यांचा संयुक्त प्रकल्पही योजिला आहे. मात्र टनांच्या आणि कोटींच्या या हिशेबात, वायूकरणाच्या पात्रातील ज्या नळ्यांवर सारा कारभार अवलंबून राहणार, त्यांच्या आयुर्मानाची चर्चा फारशी ऐकू येत नाही.

सामान्य भट्टीत प्राणवायू विपुल असल्यामुळे क्रोमियमयुक्त पोलादावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्या धातूचे रक्षण करतो. परंतु वायूकरणाच्या पात्रात, जेथे तापमान काही प्रकारांत १,३०० अंशांच्याही वर जाते, प्राणवायू मुद्दाम तुटपुंजा ठेवलेला असतो, कोळशातील गंधकाचे हायड्रोजन सल्फाइड होते, आणि वितळलेली राख वाटेत येईल त्यास चिकटते. आतून पाणी खेळवून नळी थंड राखली, तरी गंधक तिला कुरतडतोच; म्हणून तिच्यावर ॲल्युमिना किंवा झिर्कोनिया यांसारख्या सिरॅमिकचा लेप चढवावा लागतो.

हा लेप म्हणजे भांड्याची कल्हई नव्हे, की उडाली तर पुन्हा लावली. तापल्यावर स्टेनलेस पोलाद जेवढे प्रसरण पावते त्याच्या सुमारे निम्मेच ॲल्युमिना पावते. त्यामुळे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या प्रत्येक फेऱ्यात दोहोंमध्ये ताण निर्माण होतो, लेपास सूक्ष्म भेगा पडतात, आणि त्या भेगांतून शिरलेला वायू लेपाखालचा धातू गुपचूप खाऊ लागतो. दोहोंमध्ये धातुमिश्रणाचा दुवा साधणारा थर दिल्याने हा कलह सौम्य होतो, मिटत नाही.

त्यात आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. तेव्हा परदेशी कोळशावर सिद्ध झालेला लेप येथेही तितकाच टिकेल, असे गृहीत धरणे धाडसाचे होय. तालचेर आणि रामगुंडम येथील कोळशावर आधारलेले खतकारखाने १९८० मध्ये सुरू झाले आणि १९९९ मध्ये बंद पडले. त्यामागे अनेक कारणे होती, हे मान्य. पण दोन दशकांच्या त्या अनुभवातून भारतीय कोळशाचे नळ्यांवर होणारे परिणाम सांगणारे, नव्या अभियंत्यास सहज उपलब्ध होईल असे दफ्तर सिद्ध व्हावयास हवे होते. रामगुंडमचा नवा कारखाना नैसर्गिक वायूवर चालतो, आणि तालचेरला पुन्हा वायूकरणाचीच वाट धरली आहे.

म्हणून सरकारी साहाय्याच्या करारात एक अट असावी: प्रत्येक प्रकल्पाने निरनिराळ्या लेपांच्या नमुना-नळ्या चालू पात्रात ठेवाव्यात, ठराविक मुदतीने त्या जादवपूरसारख्या सार्वजनिक प्रयोगशाळेच्या हवाली कराव्यात, आणि निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत. लेपाची कृती हे व्यापारी गुपित आहे, हा आक्षेप रास्त आहे, पण येथे तो लागू पडत नाही. कृती उत्पादकाने खुशाल राखावी, लेप किती तास टिकला आणि कशाने गेला एवढेच जाहीर व्हावे. रयतेच्या पैशाने उभारलेल्या कारखान्याचे अपयशसुद्धा रयतेच्या मालकीचे असते, आणि त्याची नोंद झाली तरच पुढील कारखान्यास त्याचा उपयोग होतो.